पहिला शब्द कोणी ठरवायचा?

सरकारी कार्यालयात फोन उचलताना ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणावे, असा शासन निर्णय महाराष्ट्रात 1 ऑक्टोबर 2022 रोजी निघाला. दुसऱ्या दिवशी, गांधीजयंतीला, वर्ध्यातून त्याची मोहीम सुरू झाली. तत्कालीन सांस्कृतिक कार्यमंत्री सुधीर मुनगंटीवार यांनी त्याची घोषणा आधीच, स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाच्या वेळी केली होती. निर्णय सरकारी व निमसरकारी कार्यालये, स्थानिक स्वराज्य संस्था आणि अनुदानित शिक्षणसंस्था यांच्यासाठी होता. त्यात सक्ती नव्हती, विभागप्रमुखांनी कर्मचाऱ्यांना प्रोत्साहन द्यावे इतकेच सांगितले होते. आज अंधेरीच्या के पूर्व, घाटकोपरच्या एन किंवा मुलुंडच्या टी विभाग कार्यालयात फोन लावला, तर आमच्या कानावर तरी बहुतेक वेळा ‘हॅलो’च पडते. तेव्हा तो विषय संपला असे कोणी म्हणेल. पण त्यामागचा प्रश्न संपलेला नाही. उपनगरांत तो दर काही महिन्यांनी नव्या रूपात उभा राहतो: कधी दुकानाच्या गल्ल्यावर, कधी बँकेच्या खिडकीशी, कधी सोसायटीच्या सभेत. दोन अनोळखी माणसे समोरासमोर आली की पहिला शब्द कोणता असावा, आणि तो ठरवण्याचा अधिकार कोणाचा?

या निर्णयाची बाजू आधी नीट ऐकून घ्यायला हवी, कारण तिची टिंगल करणे सोपे होते आणि ती भरपूर झाली. ‘हॅलो’ हे पाश्चात्त्य अनुकरण आहे, त्यातून आपुलकी निर्माण होत नाही, असे शासनाचे म्हणणे होते. स्वातंत्र्यलढ्यात ज्या दोन शब्दांसाठी लोकांनी लाठ्या खाल्ल्या, ते शब्द केवळ 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारीपुरते उरावेत का, हा प्रश्न प्रामाणिक आहे. 24 जानेवारी 1950 रोजी डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी संविधान सभेत ‘वंदे मातरम्’ला ‘जन गण मन’च्या बरोबरीचा मान जाहीर केला होता. शिवाय राज्यकारभाराला स्वतःचा म्हणून एक स्वर असावा, सरकारी कचेरीत आलेल्या माणसाला आपण आपल्याच घरात आलो आहोत असे वाटावे, ही अपेक्षा गैर नाही. सैन्यात ‘जय हिंद’ म्हटले जाते. त्या दोन शब्दांनी पंजाबी आणि तमिळ जवान एका रांगेत उभे राहतात, आणि त्यात कोणाला जुलूम दिसत नाही.

दुसरीकडे, आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणेही तितकेच गंभीरपणे घेतले पाहिजे. त्यांत दोन प्रकारचे लोक होते. काही मुस्लिम संघटनांनी सांगितले की वंदन आम्ही फक्त अल्लाला करतो, त्यामुळे हा शब्द आमच्या श्रद्धेत बसत नाही, दुसरा एखादा द्या. हा वाद नवा नाही. 1937 मध्ये काँग्रेस कार्यकारिणीने याच कारणासाठी गीताची पहिली दोन कडवीच सभांमध्ये म्हणावीत असे ठरवले होते. दुसरा आक्षेप राजकीय होता. नाना पटोले यांनी काँग्रेसच्या वतीने ‘जय बळीराजा’ म्हणण्याचे आवाहन केले. शब्दाला शब्दाने उत्तर दिले गेले, आणि अभिवादन हे पक्षाचे चिन्ह झाले. मुनगंटीवारांनी नंतर खुलासा केला की सक्ती नाही, राष्ट्रभाव व्यक्त करणारा दुसरा शब्दही चालेल. हा खुलासा त्यांच्या बाजूने नोंदवायलाच हवा.

मात्र ‘सक्ती नाही’ या दोन शब्दांवर थोडे थांबावे लागेल. गोपनीय अहवाल लिहिणारा साहेब जेव्हा ‘प्रोत्साहन’ देतो, तेव्हा खालच्या लिपिकाला ते कसे ऐकू येते? ज्याला म्हणायचे आहे तो सहज म्हणेल. ज्याला म्हणायचे नाही त्याला दर फोनला गप्प राहून आपले वेगळेपण जाहीर करावे लागेल. केरळमधल्या तीन शाळकरी मुलांच्या प्रकरणात, बिजो इमॅन्युएल खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये सांगितले की राष्ट्रगीत सुरू असताना आदराने उभे राहणारा, पण धर्मश्रद्धेमुळे न गाणारा विद्यार्थी अपमान करत नाही, आणि गप्प राहणे हेही अभिव्यक्तिस्वातंत्र्यात येते. ज्या गोष्टीसाठी न्यायालयाने राष्ट्रगीताच्या वेळीही जागा ठेवली, ती फोन उचलताना नसावी असे म्हणणे अवघड आहे.

‘हॅलो’चीही बाजू आहे, जरी तिच्यासाठी कोणी मोर्चा काढणार नाही. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याला ‘अहॉय’ हा खलाशांचा शब्द हवा होता. एडिसनने 1877 मध्ये ‘हॅलो’ सुचवला आणि तो टिकला. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज 1882 मध्ये सुरू झाले. म्हणजे या शहराच्या कानाला हा शब्द जवळजवळ दीडशे वर्षे सवयीचा होऊ शकला. तो कोणत्याही धर्माचा नाही, जातीचा नाही, आणि आता कोणत्याही देशाचाही उरलेला नाही. त्याच्यात आपुलकी नाही हे खरे. पण पहिल्या क्षणी आपुलकीचा आग्रह न धरणे हीच कदाचित त्याची सोय आहे. पलीकडे कोण आहे हे कळण्याआधी उच्चारायचा शब्द कोणाचीही बाजू घेणारा नसला, तर बिघडत काहीच नाही.

हा प्रश्न उपनगरांत इतका नाजूक का होतो, हे समजण्यासाठी मेट्रोची एक मार्गिका पुरेशी आहे. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो 2014 मध्ये सुरू झाली. साडेअकरा किलोमीटरच्या आतच ती पश्चिम उपनगर पूर्वेला जोडते. तिच्या आसपास किती अभिवादने नांदतात पाहा. मरोळच्या गावठाणातील ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या मराठीचीच एक बोली बोलत आली. जोगेश्वरी-अंधेरीच्या वस्त्यांत ‘अस्सलामु अलैकुम’. सीप्झ आणि एमआयडीसीच्या कचेऱ्यांत ‘हाय’, ‘गुड मॉर्निंग सर’. घाटकोपरच्या गुजराती आणि जैन सोसायट्यांत ‘जय श्रीकृष्ण’ आणि ‘जय जिनेंद्र’. असल्फ्याच्या टेकडीवर कोकणातून, घाटावरून आणि उत्तरेकडून आलेली माणसे एकाच जिन्यावर ‘राम राम’ करतात. आणि घाटकोपर पूर्वेला, द्रुतगती मार्गालगतच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात, ‘जय भीम’.

या शेवटच्या अभिवादनाबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण ते समजून घेतल्याशिवाय हा विषय हलका वाटत राहतो. ‘जय भीम’ रुजवण्याचे श्रेय कामठीचे बाबू हरदास यांना दिले जाते. विदर्भातील हा तरुण कार्यकर्ता 1937 च्या निवडणुकीत प्रांतिक विधिमंडळावर निवडून गेला आणि 1939 मध्ये पस्तिशीतच वारला. त्याच्या काळापर्यंत अभिवादन हे जातीच्या पायरीप्रमाणे वाटलेले होते. महार माणसाने ‘जोहार’ घालायचा, तोही अंतर राखून. वरच्याने उत्तर द्यायचे की नाही, ही त्याची मर्जी. ‘जय भीम’मध्ये दोन्ही बाजू तेच शब्द तितक्याच उंचीवरून उच्चारतात. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या वाकून बोलावे लागले, त्याने ताठ उभे राहून म्हणण्यासाठी निवडलेला हा शब्द आहे. 11 जुलै 1997 रोजी डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाल्यानंतर याच रमाबाई नगरात राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा जणांचा बळी गेला. त्या वस्तीतल्या एखाद्या कर्मचाऱ्याने कार्यालयात ‘जय भीम’ म्हटले, तर ते औचित्याला सोडून आहे असे सांगण्याआधी सांगणाऱ्याने क्षणभर विचार करावा.

परंतु इथेच उलट बाजूचा एक चांगला युक्तिवाद उभा राहतो, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. प्रत्येकाने आपापले अभिवादन सरकारी टेबलावर आणले, तर टेबलापलीकडच्या नागरिकाला पहिल्या शब्दातच समोरच्याची जात, धर्म, पंथ कळेल. ‘जय जिनेंद्र’ म्हणणाऱ्या अधिकाऱ्यासमोर मासळीबाजाराच्या परवान्यासाठी आलेली कोळीण, किंवा ‘जय परशुराम’ म्हणणाऱ्यासमोर जातीच्या दाखल्यासाठी आलेला विद्यार्थी, कदाचित उगाचच धास्तावेल. अधिकारी निःपक्षपाती असेलही, पण नागरिकाला तसे वाटलेही पाहिजे. म्हणून कार्यालयात एकच सर्वसामान्य शब्द असावा, ‘नमस्कार’, असे अनेक समंजस लोक म्हणतात. या सूचनेत तथ्य आहे. बहुतेक मराठी माणसांना ती वादातीतही वाटेल.

वादातीत मात्र ती नेहमी नव्हती, आणि याचा पुरावा खुद्द मुंबईच्या दप्तरात आहे. अठराव्या शतकात सोनार समाजाने ‘नमस्कार’ हा शब्द वापरावा की नाही, यावरून ब्राह्मणांशी तंटा झाला. हे अभिवादन करण्याचा सोनारांना अधिकार नाही, असे ब्राह्मणांचे म्हणणे. पेशवे सरकारनेही तोच आग्रह धरला. अखेर ऑगस्ट 1779 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सरकारने सोनारांच्या प्रमुखाला लेखी कळवले की त्यांनी ही पद्धत बंद करावी. पुढे याच दैवज्ञ समाजातून नाना शंकरशेठ आले, आणि आधुनिक मुंबईच्या उभारणीत त्यांचे नाव अग्रभागी आहे. आज जो शब्द सर्वांचा वाटतो, तो एके काळी काहींना सरकारी पत्राने नाकारला गेला होता. ‘नमस्कार’ सर्वांचा झाला तो कोणत्या आदेशाने नव्हे. लोकांनी तो बंदी झुगारून, न विचारता, वापरत नेला.

अभिवादनावर हुकूम चालवण्याची दुसरी तऱ्हा मराठी माणसाने सीमाभागात सोसली आहे. मे 2017 मध्ये कर्नाटकचे तत्कालीन नगरविकास मंत्री रोशन बेग यांनी जाहीर केले की जो लोकप्रतिनिधी ‘जय महाराष्ट्र’ म्हणेल, कर्नाटकाविरुद्ध घोषणा देईल, त्याचे सदस्यत्व रद्द करणारा कायदा आणू. बेळगावात आणि इकडे महाराष्ट्रात त्याचे तीव्र पडसाद उमटले. आपण सर्वांनी तेव्हा काय म्हटले होते ते आठवावे: माणसाने कोणाचा जयजयकार करावा हे सरकारने सांगू नये. बेग यांच्याकडेही त्यांच्या परीने कारण होते. त्यांना राज्याची एकसंधता महत्त्वाची वाटत होती, आणि त्यांच्या राज्यातल्या अनेकांना ते पटतही होते. तरीही आपल्याला ते मान्य झाले नाही. जो नियम बेळगावच्या मराठी नगरसेवकासाठी मागितला, तो अंधेरीतल्या लिपिकालाही लागू करायला हवा, तो कोणत्या धर्माचा आहे हे न पाहता.

आता उपनगरांतला जो खरा चटका आहे, त्याकडे येऊ. मराठी माणसाची तक्रार ‘हॅलो’बद्दल फारशी नाही. बोरिवलीच्या दुकानात, मुलुंडच्या बँकेत, अंधेरीच्या रुग्णालयात त्याने मराठीत सुरुवात केली की समोरून हिंदी किंवा इंग्रजीत उत्तर येते, कधी ‘हिंदी में बोलो’ असे फर्मानही. मार्च 2025 मध्ये संघाचे ज्येष्ठ पदाधिकारी भैयाजी जोशी विद्याविहारच्या एका कार्यक्रमात घाटकोपरची भाषा गुजराती आहे अशा अर्थाचे बोलले. दुसऱ्या दिवशी त्यांनी खुलासा केला आणि मुख्यमंत्र्यांनी विधिमंडळात मराठीचे स्थान स्पष्ट केले. पण त्या एका वाक्याने इतका गदारोळ का झाला? तो विषय लोकांच्या रोजच्या अनुभवाला जाऊन भिडला म्हणून. आपल्या राजधानीत आपल्या भाषेतल्या पहिल्या शब्दाला उत्तर न मिळणे ही दुखावणारी गोष्ट आहे, आणि ज्यांना ती क्षुल्लक वाटते त्यांच्यावर बहुधा ती वेळ आलेली नसते.

तरीही, दुखावलेपणातून जे मार्ग निघतात ते सगळे सारखे नाहीत. गल्ल्यावरच्या विशीतल्या पोराला, जो चार महिन्यांपूर्वी आझमगढहून किंवा राजस्थानातून आला, कॅमेऱ्यासमोर ‘जय महाराष्ट्र’ म्हणायला लावणे याने मराठीचे काही साधत नाही. तो म्हणतो, भीतीने म्हणतो, आणि त्या दिवसापासून तो शब्द त्याच्यासाठी धाकाचा होतो. असे करणाऱ्यांचा युक्तिवाद आम्हाला माहीत आहे: विनंत्या करून वर्षे गेली, आवाज चढवल्याशिवाय फलक मराठी झाले नाहीत, मोबाइल कंपन्यांच्या सेवा मराठीत आल्या नाहीत. यात काही सत्य आहे हे नाकारता येणार नाही. पण फलक आणि सेवा या मालकाच्या जबाबदाऱ्या आहेत, आणि त्या कायद्याने मागता येतात. नोकराच्या तोंडून वदवून घेतलेला जयजयकार ही वेगळीच गोष्ट आहे.

राज्य सरकारने फेब्रुवारी 2025 मध्ये काढलेला मराठी भाषा धोरणाचा निर्णय या दृष्टीने 2022 च्या निर्णयापेक्षा आम्हाला अधिक योग्य वाटतो. त्यानुसार शासकीय, निमशासकीय कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत अधिकाऱ्यांनी अभ्यागतांशी मराठीतच बोलणे अनिवार्य झाले. परदेशांतून आणि अमराठी राज्यांतून आलेल्यांचा अपवाद ठेवला आहे. हा निर्णयही सर्वांना पटलेला नाही. अपवादाची कडा धूसर आहे. गोवंडीत जन्मलेली पण उर्दू शाळेत शिकलेली बाई कोणत्या बाजूला धरायची, याचे उत्तर खिडकीवरच्या माणसाने समजूतदारपणे द्यायचे आहे. पण या निर्णयात मागणी आहे ती सेवेची, आणि सेवा मोजता येते, तिच्याबद्दल तक्रार करता येते. माणसाने मनोभावे काय उच्चारावे, याची मागणी तशी मोजता येत नाही. ती केवळ निष्ठा तपासत राहते.

शरीराने केलेल्या अभिवादनाबद्दल थोडक्यातच सांगतो. मार्च 2020 मध्ये करोनाने हस्तांदोलन थांबवले. व्हाइट हाउसमध्ये ट्रम्प आणि आयर्लंडचे पंतप्रधान वराडकर एकमेकांना हात जोडताना जगाने पाहिले, आणि आपल्याकडे अनेकांना अभिमान वाटला. अभिमान समजण्यासारखा आहे. न शिवता केलेला नमस्कार काहींना शिवायचे नाही म्हणूनही केला जात होता, हे मात्र त्या अभिमानात विसरले जाऊ नये. त्याच वेळी, अनोळखी पुरुषाशी हात मिळवण्याचा संकोच असणाऱ्या कितीतरी स्त्रियांना जोडलेले हात सुटकेसारखे वाटतात. दोन्ही खरे आहे. शहरात ज्याने त्याने समोरच्याचा कल पाहून हात पुढे करावा किंवा जोडावा, यापलीकडे नियम संभवत नाही.

मग आमचा कल कुठे? अभिवादनाचा शब्द शासनाने ठरवू नये, प्रोत्साहनाच्या रूपानेही नाही. ‘वंदे मातरम्’ ज्याच्या मनात आहे त्याला ते म्हणण्यापासून कोणी रोखू नये, तसेच ‘जय भीम’ला, ‘राम राम’ला, सलामलाही. कार्यालयीन कामात ‘नमस्कार’ रूढ व्हावा, असे आम्हाला मनापासून वाटते. पण तो वरिष्ठांच्या उदाहरणाने रूढ व्हावा, परिपत्रकाने नव्हे. यात तोटा आहे हे आम्ही जाणतो. एकसारखेपणा येणार नाही, काही टेबलांवर कधीकधी अवघड क्षण येतील. तो तोटा सोसण्याजोगा वाटतो, कारण दुसऱ्या बाजूचा तोटा नेहमी त्यांच्याच वाट्याला येतो ज्यांची संख्या कमी असते.

शासनाने मात्र एक गोष्ट जरूर मागावी, आणि ती शब्दाहून कठीण आहे. पहिला शब्द कोणी बोलायचा? तहसीलदार कार्यालयात, विभाग कार्यालयात, पोलीस ठाण्यात आजही नागरिकच आधी वाकतो, ‘साहेब’ म्हणतो, आणि मान वर होण्याची वाट पाहतो. सोसायटीच्या फाटकावर तेच चित्र आहे. वॉचमनने प्रत्येक गाडीला सलाम करायचा हे कोणत्याही ठरावात लिहिलेले नसते, तरी तो चुकला तर तक्रार होते. गाडीतल्याने उत्तर दिले नाही तर होत नाही. पंढरीच्या वाटेवर दोन वारकरी भेटले की दोघेही एकमेकांच्या पाया पडतात. वय, जात, मान, काही आड येत नाही. महाराष्ट्रात ही रीत शतकानुशतके चालत आली आहे आणि ती आपल्याला परकी नाही. खिडकीच्या आत खुर्चीवर बसलेल्या माणसाने बाहेर उभ्या असलेल्या माणसाला आधी विचारावे, मराठीत, ‘बोला, काय काम आहे?’ त्याआधी तो काय म्हणतो हे त्याच्यावर सोडावे. बांद्र्याच्या उपनगर जिल्हाधिकारी कार्यालयापासून बोरिवलीच्या तहसीलपर्यंत हे एवढे सुरू झाले, तर रांगेतल्या बाईला ते फलकाशिवाय कळेल.